एक तास दहा मिनिटं

साडी तयार होती.

लग्नाला दोन दिवस होते. औरंगपुऱ्यातल्या त्या अरुंद दुकानात फॉल लावून, पिको करून ती काउंटरमागच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली मी स्वतः पाहिली. दुकानदाराने ती माझ्यापुढे सरकवली. "सर, परसों सेच तयार है. लेके जाव ना, कायकू रखते यहां?" मी म्हणालो, राहू द्या, उद्या दुपारी नेतो. घरी येऊन बायकोला सांगितलं की साडी अजून झालेली नाही, उद्या दुपारी देतो म्हणाला. "तुम्ही सगळे पहाटे जीपने पुढे व्हा. मी परवा साडी घेऊन विमानाने येतो."

आमच्याकडे लग्नात मुलगी मामाने आणलेली पिवळी साडी नेसते आणि मामाच तिला हाताला धरून मंडपात आणतो. माइकवरचा माणूस पुकारतो, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मंगलाष्टकं संपेपर्यंत मामा तिच्या पाठीशी उभा राहतो. हे लग्न माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका मुलीचं होतं, आणि तिला सख्खा मामा मी एकटाच होतो.

मी शाळेत भूगोल शिकवतो. पंचवीस वर्षं झाली. नकाशावर दोरा ठेवून दोन गावांमधलं अंतर कसं मोजायचं, प्रमाण कसं लावायचं, हे दर वर्षी शिकवत आलो. आमचं मूळ गाव सिल्लोडच्या पुढे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. शिकून शहरात आलेला मी पहिला. आई गेल्यावर वडिलांना इकडे आणलं. त्यांना आम्ही आबा म्हणतो. कळप आता माझ्या थोरल्या चुलत भावाकडे आहे. त्याला सगळं गाव नाना म्हणतं. बहीण माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिला गोंदियाला दिली, कारण जावई रेल्वेत होते आणि स्थळ मीच शोधलं होतं. त्या वेळी आबांनी विचारलं होतं, "किती मुक्काम पडतेत?" मेंढरं घेऊन फिरणारा माणूस अंतर मुक्कामांत मोजतो. मी हसलो होतो. एका रात्रीचा प्रवास आहे, म्हणालो होतो.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा दिवाळीची सुट्टी होती. एका दुपारी फोनवर सहज दोन विमानतळांची नावं टाकली. आमचं चिकलठाण्याचं आणि गोंदियाचं. एक पान उघडलं. दोन्ही विमानतळांमध्ये एक वाकडी निळी रेघ, खाली अंतर पाचशे पस्तीसच्या आसपास किलोमीटर, आणि उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं. मी ते पान बायकोला दाखवलं, आबांना दाखवलं, शिक्षक-खोलीत दाखवलं. बहिणीला फोन करून म्हणालो, "अगं, आपण उगीच लांब लांब म्हणत होतो. एक तास दहा मिनिटं. इथे चहा पिऊन निघालो तर तुझ्याकडे दुसरा चहा."

त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे अंतर सरळ रेषेतलं आहे, वेळ सरासरी वेगावरून काढलेला आहे, प्रत्यक्ष विमान आहे की नाही ते पाहून घ्यावं. ती ओळ मी तेव्हा वाचली नाही. नकाशाखालच्या टिपा आधी वाचाव्यात असं वर्गात सांगणारा मी.

आबांनी मात्र चष्मा लावून ती निळी रेघ नीट पाहिली. म्हणाले, "हे सरळ हाय. सरळ तर पाखरू बी जातं. इमान उतरतं का पण तिथं?"

"विमानतळ आहे म्हणजे उतरणारच ना आबा."

"पाणवठा हाय म्हंजी पाणी असतंच व्हय?" ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला.

तिकीट काढायला बसलो तेव्हा लग्नाला बारा दिवस उरले होते. थेट विमान नव्हतंच, आणि कधी असल्याचंही दिसेना. जायचं तर आधी हैदराबाद, तिथे विमान बदलायचं, मग गोंदिया. पुढचं विमान आठवड्यातून तीनच दिवस. लग्नाच्या दिवशी होतं, हळदीच्या दिवशी नव्हतं. दोन विमानांच्या मध्ये सव्वा तास. मुहूर्त गोरज, सहा वीसचा. सगळं वेळेवर झालं तर मी साडेचारला गोंदियात उतरत होतो.

तेव्हाच घरात सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की माझी चूक झाली, मीही जीपने येतो. सांगितलं नाही. तिकीट काढलं आणि फोन खिशात टाकला. बायकोने विचारलं, "झालं का हो?" मी हो म्हणालो.

हे फक्त तिकिटापुरतं नव्हतं, आणि लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो. जीपमध्ये आमचे बारा जण जाणार होते. नाना, त्याचा मोठा पटका, खांद्यावरची घोंगडी, तिला येणारा मेंढरांचा वास. वाटेत कुठल्यातरी झाडाखाली गाठोडी सोडून भाकरी खाणं, मोठमोठ्याने बोलणं. गोंदियाला जावयांच्या ओळखीचे रेल्वेतले लोक, मुलाकडचे शिकलेले पाहुणे. त्यांच्यासमोर त्या जीपमधून उतरणारा मामा मला व्हायचं नव्हतं. विमानतळावरून थेट मांडवात येणारा मामा व्हायचं होतं. वय वर्षं एक्कावन्न, आणि मनात हे.

म्हणून बहिणीने हट्ट धरला तेव्हा अडचण झाली. "दादा, विमान-बिमान राहू दे. हळदीला ये. एक दिवस आधी ये." तिला काय सांगायचं? साडी कामाला आली.

जीप पहाटे आमच्याच दारातून सुटली. नाना काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मास्तर, वरून चालला तर आमच्या जीपवर ध्यान ठिव. दिसली तर हात कर."

"इतक्या वरून काय दिसतंय त्याला," मागून कुणी बाई म्हणाली.

"वरून मेंढरं तरी मोजून घे म्हणावं," दुसरं कुणी बोललं. सगळे हसले. आबा पुढच्या सीटवर काठी धरून बसले होते, ते हसले नाहीत. म्हणाले, "उशीर करू नको." मी म्हणालो, आबा, मी तर तुमच्यापेक्षा लवकर निघून तुमच्यापेक्षा कमी वेळात पोचणारा माणूस आहे. हे वाक्य तेव्हाही मला नीट जुळलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी चिकलठाण्याला मी वेळेच्या फार आधी गेलो. साडी बॅगेत, बॅग मांडीवर. आमचं विमान जिथून यायचं होतं तिथे सकाळी धुकं होतं, त्यामुळे ते तिथूनच उशिरा निघालं. पाटीवरची वेळ आधी वीस मिनिटांनी पुढे गेली, मग चाळीस, मग सरळ दोन तास. त्यात कुणाचा दोष नव्हता. धुकं आहे, हिवाळा आहे. सव्वा तासाचं मधलं अंतर दोन तासांच्या उशिरात बसत नाही, हे गणित मला खुर्चीत बसल्या बसल्या येत होतं. तेव्हाही फोन करता आला असता. मुहूर्ताला पाच तास होते. नानाला उभं करा म्हटलं असतं तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, थोडी हळहळ झाली असती, बस.

मी उठून फेऱ्या मारत राहिलो. पाणी प्यायलो, परत बसलो, परत उठलो. गोंदियाचंही विमान उशिरा सुटेल अशी आशा करत होतो.

हैदराबादला उतरलो तेव्हा गोंदियाचं विमान गेलेलं होतं. काउंटरवरच्या मुलीने परवाच्या विमानात जागा देते म्हणून सांगितलं. मी बाजूला होऊन भिंतीवरच्या मोठ्या नकाशासमोर उभा राहिलो आणि सवयीने अंतर पाहू लागलो. सकाळी घरी होतो तेव्हा गोंदिया सरळ रेषेत पाचशे पस्तीस किलोमीटर होतं. एवढं उडून आल्यावर ते अजूनही पाचशेच्या वरच होतं. दिवसभरात मी बहिणीच्या जेमतेम वीस किलोमीटर जवळ आलो होतो.

तेवढ्यात तिचा फोन आला. मागे सनई, बायकांचे आवाज.

"दादा, कुठं आलास?"

"हैदराबाद. आता पुढच्या विमानात बसायचंय."

"बरं बरं. पोरगी विचारायली, मामा आला का, मामा आला का. तयारी झाली तिची, नुसती साडी राहिली."

खरं बोलायचं ठरवून मी तोंड उघडलं, आणि तिने फोन ठेवला.

मी टॅक्सीची चौकशी केली. नऊ-दहा तास. रेल्वेची केली, तीही तशीच. प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं आणि तरी मी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जात होतो. पावणेपाचला परत तिचा फोन. "बसलास का दादा?"

मी म्हणालो, "बसलो. फोन बंद करायला सांगतायत."

आणि फोन बंद केला.

कदाचित मला तेवढा वेळ हवा होता, ज्यात कुणी काही विचारणार नाही. काचेजवळच्या एका खुर्चीत बसलो. समोर विमानं येत होती, जात होती. मी खरोखरच विमानात असल्यासारखा हालचाल न करता बसलो होतो, बॅग मांडीवर घेऊन. एक तास दहा मिनिटं झाली तशी नजर घड्याळाकडे गेली. म्हणजे आता मी उतरलो असतो. तरी फोन चालू केला नाही. आणखी एक तास गेला.

सात वाजता फोन चालू केला. एवढे मेसेज एकदम आले की तो हातात थरथरत राहिला. पहिला फोन बायकोचा.

"अहो, आहात कुठे? विमानतळावर गाडी पाठवलीय तुमच्यासाठी. तिथला चौकीदार म्हणतोय आजचं विमान येऊन गेलं, आता कुठलंच यायचं नाही. नवरदेवाकडचे उठून चाललेत."

मी म्हणालो, "विमान रद्द झालं. बसवून उतरवलं आम्हाला."

ती मग म्हणाली, "मग थांबवू का नको आता?"

"नको. नानाला उभं करा."

त्या मांडवात काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सहा वीसचा मुहूर्त गेला. नवरदेव अंतरपाटाआड उभा राहून राहून शेवटी खुर्चीत बसला. बहीण सगळ्यांना सांगत होती, माझा भाऊ विमानात आहे, पाच मिनिटं थांबा, फक्त पाच मिनिटं. मुलाकडच्या एका बाईने मोठ्याने विचारलं, "मामा आहे तरी का खरंच?" माझ्या बायकोने शेजारच्या घरातून एक पिवळी साडी मागून आणली, काठाला थोडी विरलेली. सात वाजून गेल्यावर नानाने पटका नीट केला, घोंगडी खुर्चीवर ठेवली आणि माझ्या भाचीला हाताला धरून आणलं. माइकवरच्या माणसाने तोवर चार वेळा "मुलीच्या मामांनी" म्हणून पुकारलं होतं.

आणि मी पुढे गेलो नाही. रात्रीची रेल्वे होती, दुसऱ्या दिवशी पोचता आलं असतं. सकाळच्या विमानाने मी घरी परत आलो.

जीप दोन दिवसांनी आली. नाना दारात उतरला नाही, गावाकडे तसाच गेला. आबा आत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. पहिल्या घासानंतर म्हणाले, "माझ्या पोरीनं मांडव धरून ठिवला व्हता तुझ्यापायी." त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

महिन्याभराने बायको दुसरी साडी टाकायला औरंगपुऱ्यात गेली. दुकानदाराने तिला सहज विचारलं, भाभी, ती पिवळी साडी कशी वाटली, तयार होऊन तीन दिवस इथेच पडून होती. ती घरी आली आणि स्वयंपाकाला लागली. पोळ्या लाटता लाटता पाठमोरीच म्हणाली, "साडी तयार होती."

मी हो म्हणालो.

"तरी म्हटलं, तो माणूस कधी वेळ चुकवत नाही." दुसऱ्या दिवशी तिने ती साडी कुरिअरने गोंदियाला पाठवली. विमानाचं काय झालं होतं ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

पुढचे महिने मला कशातच स्वस्थ बसवेना. शाळेतून आल्यावर फोन घ्यायचा, ती दोन नावं टाकायची, ते पान उघडायचं. निळी रेघ, तेच अंतर, तोच वेळ. काय बघत होतो कोण जाणे. वर्गात दोऱ्याने अंतर मोजायचा धडा आला तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, विमानाने गेलं तर एवढंच अंतर पडतं का?" मी म्हणालो, हो, जाणारं विमान असेल तर. मुली हसल्या. मी खडू ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

बहिणीचे फोन येत होते, पण बायकोला. माझी चौकशी करायची, तब्येत विचारायची. मी फोन घेतला तर पूर्वीसारखंच बोलायची, आणि तेच मला सोसत नव्हतं. राखी आली, टपालाने. भाऊबीजेला मी म्हणालो, येतो. ती म्हणाली, "नको दादा, कामून एवढा त्रास. लांब पडतं." त्यात टोमणा नव्हता. असता तर धरायला काही मिळालं असतं.

दिवाळी झाली आणि नाना आला. मेंढरांना काही आजार होता, जनावरांच्या दवाखान्यातून औषध न्यायचं होतं. तो शाळेच्या फाटकाशी उभा राहिला, आत येईना. मी त्याला समोरच्या टपरीवर चहाला नेलं. वर्षभरात आम्ही पहिल्यांदा समोरासमोर बसत होतो.

"काय मास्तर, जिमिनीवरच हाय का सध्या?"

"नाना, चुकलं माझं."

"मला काय म्हंतो. मला तर फेटा बांधून मिळाला, नारळ मिळाला. फोटोत बी आलो." त्याने बशीत चहा ओतला. "त्या पोरीचं बघ."

"कुठल्या?"

"तुझ्या भाचीचं. तिकडं तिच्या सासरी तुला काय म्हंतेत ठावं हाय का? आभाळातला मामा. पोरगी उशिरा उठली की सासू म्हंती, हिच्या मामाचं इमान अजून वरच हाय. पाव्हणं आलं की तीच गोष्ट. समदे हसतेत."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आन् तुझी बहीण काय करती? जाऊन भांडती. माझा भाऊ इमानात बसला व्हता, त्याला उतरवलं, त्याचा काय दोष. दर येळी. ते म्हंतेत, चौकीदार तर म्हणला, त्या दिवशी दुसरं इमानच नव्हतं, बाई खोटं बोलती." त्याने बशी खाली ठेवली. "मी अडाणी माणूस. मला इमानातलं कळत नाय. तू खरंच बसला व्हता का?"

टपरीसमोरून एक रिक्षा गेली, दुसरी गेली. मी म्हणालो, "नाही."

नानाने मान हलवली, जशी तो बाजारात भाव न पटल्यावर हलवतो. "मंग ती कशापायी भांडायली?" एवढंच म्हणाला आणि औषधाची पिशवी उचलून निघून गेला.

त्या शनिवारी मी रजा टाकली. आबांना सांगितलं, गोंदियाला चाललोय. त्यांनी विचारलं, कशानं? बसने नागपूर, तिथून रेल्वे. ते म्हणाले, जा. पहाटेच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. कापसाची रानं, मग सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं, मग नुसता माळ. मी वाक्यं जुळवत होतो. अमुक म्हणू, मग ती असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन. प्रत्येक जुळवणीत मी थोडा बरा दिसत होतो. ते लक्षात आलं की परत सुरुवात. असं नागपूरपर्यंत, आणि पुढे रेल्वेतही. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बहिणीने दार उघडलं, एवढी खूश झाली की त्या संध्याकाळी माझ्या तोंडून काही निघेना.

सकाळी ती अंगणात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. जावई कामावर गेले होते. मी समोर पायरीवर बसलो.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "मी विमानात बसलोच नव्हतो."

तिचे हात थांबले नाहीत. "उतरवलं ना तुला."

"उतरवलं नाही. विमान आधीच गेलं होतं. तुला बसलो म्हणालो तेव्हा मी खुर्चीत होतो. फोन मीच बंद केला. त्याच्या आधी साडीचंही खोटं सांगितलं. ती तयार होती. नानाच्या जीपमधून उतरायची मला लाज वाटली."

आता ती थांबली. सुपातला एक खडा तिने बाजूला टाकला.

"काय करत होतास तेव्हा?"

"काही नाही. बसलो होतो."

"मी सगळ्यांना घड्याळ दाखवायले होते दादा. म्हणत होते, सहाला उतरंल, अर्धा तास रस्त्याला." तिचा आवाज चढला नाही. "व्याह्यांच्या पाया पडले मी. थांबा म्हणाले."

"माझी चूक झाली. मला..."

"मला कामून सांगतो?" ती म्हणाली. "मी तर तुझ्यावर इस्वास ठिवलाच होता. ज्यांनी नाय ठिवला, त्यांना जाऊन सांग."

तिने सूप उचललं, आत गेली, साडी बदलून बाहेर आली आणि दाराला कुलूप लावलं. तासाभरात आम्ही तिरोड्याच्या बसमध्ये होतो. भाचीचं सासर तिथे आहे. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. एकदाच म्हणाली, "तिथं रडू-बिडू नको. नीट सांग."

घरी विहीणबाई, व्याही, भाचीचा नवरा, सगळे होते, रविवार होता. भाचीने पाणी आणलं. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं आणि मग ती सासूकडे बघू लागली. विहीणबाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "या मामा. उतरलं म्हणायचं विमान एकदाचं." व्याही हसले. भाचीच्या नवऱ्याने मान खाली घातली.

बहीण बसली नाही. दाराशीच उभी राहिली. मीही बसलो नाही. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवत नव्हतं, ते बरंच झालं. मी हात जोडले आणि आधी भाचीकडे, मग विहीणबाईंकडे पाहून म्हणालो, "त्या दिवशी दुसरं विमान नव्हतंच. चौकीदार खरं बोलत होता. मी हैदराबादला बसून होतो आणि माझ्या बहिणीला फोनवर खोटं सांगत होतो. ती तुमच्याशी जे बोलली ते माझं खोटं होतं, तिचं नाही. तुमचा मुहूर्त माझ्यामुळे गेला, तुमची माणसं माझ्यामुळे ताटकळली. बाळा, तुझ्यामागे उभं राहायचं होतं ते मी राहिलो नाही. मला माफ करा. आणि यापुढे हसायचं असेल तर मला हसा, हिला नको."